पेलीचें घड्याळ आणि डार्विनचीं कबुतरें

कांहीं ग्रंथांचें दैव असें असतें कीं, त्यांच्याविषयीं मत सर्वांचें असतें आणि त्यांचें वाचन मात्र फार थोड्यांनीं केलेलें असतें. चार्लस डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीसीज’ हा अशा ग्रंथांत अग्रगण्य होय. देव मानणारांनीं त्याला नास्तिकांची पोथी ठरविलें. देव न मानणारांनीं तोच ग्रंथ आपल्या विजयाचा दाखला म्हणून मिरविला. आणि उभय पक्षीं त्याचीं पानें बहुधा न उलटलेलींच राहिलीं.

गेल्या दिवाळींत एका स्नेह्यांच्या घरीं या वादाचें एक घरगुती रूप मला पाहावयास मिळालें. घरांतील आजोबा नित्यनेमानें विष्णुसहस्रनाम म्हणणारे. नात कॉलेजांत जीवशास्त्र शिकणारी. डार्विननें देव खोटा ठरविला आहे, असें सांगून तिनें सायंकाळच्या प्रार्थनेस बसणें सोडलें होतें. आजोबांचा प्रतिप्रश्न असा कीं, माकडाचा माणूस होतांना कोणी पाहिला आहे काय? दोघांमधील बोलणें त्या विषयापुरतें जवळजवळ बंद पडलें होतें, आणि दोघांनींहि मला पंच नेमलें. मीं दोघांनाहि एकच विचारलें, “मूळ ग्रंथ वाचला आहे काय?” दोघांचेंहि उत्तर एकच आलें, “नाहीं.”

हा प्रकार त्या एका घरापुरताच असता तर त्यावर लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु जानेवारी २०१८ मध्यें औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर) येथें केंद्र सरकारांतील एका राज्यमंत्र्यांनीं आजोबांचाच आक्षेप जाहीरपणें मांडला, आणि देशांतील तीन विज्ञान-अकादमींना त्याविरुद्ध संयुक्त पत्रक काढावें लागलें. पुढें २०२३ सालीं राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतून उत्क्रांतीचा भागच गळला. ज्या विषयावर मोठीं माणसें आवेशानें बोलतात, तो मुलांना वाचावयासच न मिळणें ही स्थिति चांगली नव्हे.

देव आहे कीं नाहीं याचा निकाल देण्याचा अधिकार मला नाहीं. मी शास्त्रज्ञ नव्हें आणि धर्मशास्त्रीहि नव्हें. परंतु एखादा ग्रंथ कोणत्या प्रश्नाचें उत्तर देतो, तें उत्तर कोठपर्यंत पोंचतें आणि कोठें थांबतें, हें पाहणें टीकाकाराचेंच काम होय. त्यासाठीं दोन ग्रंथ शेजारीं ठेवून वाचले पाहिजेत : विल्यम पेलीचा १८०२ सालचा ‘नॅचरल थिऑलॉजी’, आणि २४ नोव्हेंबर १८५९ रोजीं प्रसिद्ध झालेला डार्विनचा ग्रंथ. पहिला प्रश्न आहे, दुसरा त्याचें उत्तर आहे. प्रश्न न वाचतां उत्तर वाचल्यामुळेंच पुष्कळसा घोटाळा झालेला आहे.

पेली हा इंग्लंडांतील एक धर्माधिकारी. त्याचा ग्रंथ माळरानावर सुरू होतो. वाटेनें जातांना पायाला दगड लागला, तर तो तेथें कसा आला, याचा विचार कोणी फारसा करणार नाहीं. परंतु त्याच जागीं घड्याळ सांपडलें तर? त्याचीं चाकें, त्याची कमान, त्याचे कांटे हीं सारीं एका हेतूनें जुळविलेलीं दिसतात. आणि हेतु दिसला कीं, तो मनांत धरणारा कोणी तरी असलाच पाहिजे. एवढें मान्य करवून घेतल्यावर पेली वाचकाला हातीं धरून सृष्टीच्या कारखान्यांतून फिरवितो. दुर्बिणीपुढें डोळा ठेवतो, बिजागरीपुढें हाडांचे सांधे ठेवतो, आणि प्रत्येक ठिकाणीं तोच प्रश्न करतो : घड्याळाला घड्याळजी लागतो, मग याला कर्ता नको काय?

आज या ग्रंथाची थट्टा करण्याची चाल पडली आहे. ती अन्यायाची आहे. पेलीची भाषा स्वच्छ आहे, त्याचीं उदाहरणें परिश्रमपूर्वक मिळविलेलीं आहेत, आणि तो आक्षेप लपवून ठेवीत नाहीं. इतकेंच नव्हे, तर त्यानें आपण होऊन एक विलक्षण कल्पना पुढें मांडली आहे. समजा, त्या घड्याळांत असें कांहीं यंत्र आहे कीं, तें चालतां चालतां आपल्यासारखेंच दुसरें घड्याळ निर्माण करतें, तर काय? पेलीचें उत्तर असें कीं, मग तर मूळ कर्त्याचें कौशल्य अधिकच थोर ठरेल. येथें आजचा वाचक थबकतो. सजीव सृष्टीचें मर्म पेलीच्या हातीं आलें होतें आणि तें बोटांतून निसटलें. घड्याळापासून होणारें घड्याळ अगदीं हुबेहूब असेल, असें त्यानें धरून चालविलें. तें किंचित् निराळें झालें तर? आणि पिढ्यान् पिढ्या तसें होत राहिलें तर? हा प्रश्न ५७ वर्षांनंतर डार्विननें जगापुढें मांडला.

डार्विन हा पेलीचा वैरी नव्हता, त्याचा विद्यार्थी होता. केंब्रिज येथील क्राइस्ट्स कॉलेजांत १८२८ ते १८३१ या काळांत तो शिकला तो धर्मोपदेशक होण्याच्या हेतूनें. आणि पेलीच्या युक्तिवादानें आपणांस युक्लिडाच्या भूमितीइतकाच आनंद दिला, असें त्यानें आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. स्वतःचा ग्रंथ बाहेर पडत असतां, त्याच नोव्हेंबर महिन्यांत जॉन लबक यास लिहिलेल्या पत्रांत तो कबूल करतो कीं, पेलीच्या या ग्रंथाइतकें दुसरें पुस्तक आपणांस क्वचितच आवडलें असेल आणि एके काळीं तें आपणांस जवळजवळ मुखोद्गत होतें. गुरूच्या प्रश्नाचें महत्त्व पुरतें ओळखून शिष्यानें निराळें उत्तर द्यावें, असा हा प्रकार आहे.

डार्विनच्या ग्रंथांत माकडाचा माणूस शोधूं जाणाराची निराशा होते. मनुष्याच्या उत्पत्तीविषयीं त्यांत अखेरीस एक ओझरता उल्लेख आहे, इतकेंच. तो विषय त्यानें १८७१ सालच्या दुसऱ्या ग्रंथांत घेतला. हा ग्रंथ सुरू होतो तो कबुतरांच्या खुराड्यापासून. डार्विननें स्वतः कबुतरें पाळलीं, लंडनमधील कबुतरबाजांच्या मंडळांत तो जाऊं लागला, देशोदेशींहून कबुतरांचीं कातडीं मिळविलीं. त्यांत हिंदुस्थानांतून एलियट यांनीं पाठविलेलींहि होतीं. अकबर बादशहाच्या दरबाराबरोबर २०,००० हून कमी कबुतरें कधीं नसत, हेंहि सांगावयास तो विसरत नाहीं. शेपटीचा पंखा पसरणारा लक्का, कोलांट्या घेणारा लोटन, गळ्याची पिशवी फुगवून मिरविणारा आणखी एखादा, हे सर्व एका रांगेंत ठेवले तर कोणीहि म्हणेल कीं, या निरनिराळ्या जाति देवानें निरनिराळ्या घडविल्या. डार्विन दाखवितो कीं, हीं सारीं वाड्याच्या वळचणीला घुमणाऱ्या पारव्याचींच लेंकरें आहेत. पाळणारानें प्रत्येक पिढींतून मनाजोगतें पिल्लूं राखलें. बाकीचें काम काळानें केलें.

मग माणसाच्या जागीं निसर्ग ठेवला कीं सिद्धांत पुरा होतो. जन्मणारे जीव पुष्कळ, वांचणारे थोडे. कोणतेंहि पिल्लूं आईबापांसारखें अगदीं हुबेहूब नसतें. ज्याचें वेगळेपण त्या परिस्थितींत उपयोगीं पडतें, तें वांचण्याचा संभव अधिक. आणि तें वेगळेपण कांहीं अंशीं पुढील पिढींत उतरतें. या चार साध्या गोष्टींवर सारी इमारत उभी आहे, आणि यांतील एकहि गोष्ट आमच्या शेतकऱ्याला किंवा गवळ्याला नवी नाहीं. ग्रंथाचें सामर्थ्य या साधेपणांत आहे. डार्विनची शैली पेलीइतकी मोहक नाहीं. त्याचीं वाक्यें लांबट, शंकांनीं आणि अपवादांनीं भरलेलीं असतात. परंतु स्वतःविरुद्ध साक्ष देण्याचा त्याचा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे.

या प्रामाणिकपणाचा गैरफायदा मात्र पुष्कळांनीं घेतला. सहाव्या प्रकरणांत तो पेलीच्या बालेकिल्ल्यावर, म्हणजे डोळ्यावर, येतो. आरंभीं तो मोकळेपणानें मान्य करतो कीं, डोळ्यासारखी वस्तु निवडीनें घडली हें प्रथमदर्शनीं अगदीं असंभाव्य वाटतें. आक्षेपक एवढेंच उतरून घेतात आणि पुस्तक मिटतात. पुढें तो काय करतो? केवळ उजेडाची जाणीव असणाऱ्या साध्या मज्जातंतूपासून चढत्या पायऱ्यांनीं डोळ्यापर्यंत येतां येतें आणि प्रत्येक पायरी धारण करणाऱ्या जीवाला उपयोगाची ठरते, हें तो मांडतो. १९९४ सालीं निल्सन आणि पेल्गर या स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं मुद्दाम मंद गतीचीं गृहीतें धरून याचा हिशेब केला; प्रकाश जाणणाऱ्या सपाट कातडीपासून भिंगाचा डोळा होण्यास चार लाखांहून कमी पिढ्या पुरतात, असें निघालें. शिवाय आपल्या डोळ्यांत मज्जातंतूंचें जाळें प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढें पसरलेलें आहे आणि तें जेथून मागें जातें तेथें एक आंधळा ठिपका राहतो. ऑक्टोपसच्या डोळ्यांत हा दोष नाहीं. घड्याळजीनें एकदां योजून केलेल्या कामापेक्षां, जुन्या घराला पिढ्यान् पिढ्या पाडलेल्या खिडक्यांसारखें हें अधिक दिसतें.

येथें आपल्या मराठी शब्दाविषयीं दोन अक्षरें लिहिणें अवश्य आहे. हिंदींत या सिद्धांताला ‘विकास’ म्हणतात, बंगालींत ‘विवर्तन’. आपण ‘उत्क्रांति’ हा शब्द घेतला. आपल्या वेदांतग्रंथांत उत्क्रांति म्हणजे मरणसमयीं जीवाचें शरीर सोडून निघून जाणें. तो मूळ अर्थ आपण विसरलों, पण ‘उत्’ हा उपसर्ग कामाला लागला, आणि सृष्टि सारखी वर वर चढत आहे, मनुष्य हा तिचा कळस आहे, अशी कल्पना आपल्या मनांत रुजली. मत्स्य, कूर्म, वराह या अवतारांच्या क्रमांत डार्विन शोधण्याचा छंद या कल्पनेलाच पोसतो. परंतु डार्विनच्या सिद्धांतांत कळसहि नाहीं आणि चढणहि नाहीं. गॅलापागोस बेटांपैकीं एका लहान बेटावर ग्रँट पतिपत्नींनीं १९७३ पासून फिंच पक्ष्यांचीं मापें घेतलीं. १९७७ च्या अवर्षणांत मऊ, बारीक बिया संपल्या आणि जाड चोंचीचे पक्षी अधिक वांचले. पुढच्या पिढीच्या चोंची जाड निघाल्या. १९८२-८३ च्या अतिवृष्टीनंतर बारीक बियांचें पीक आलें, आणि पारडें उलट फिरलें. यांत वर काय आणि खालीं काय? डार्विनच्या सिद्धांताला अवतारांचा आधार नको आणि अवतारांना डार्विनचा आधार नको. दोहोंची मोट बांधण्यानें दोहोंचाहि अर्थ बिघडतो.

डार्विनच्या ग्रंथांत दोष नाहींत असें नव्हे. आनुवंशिक गुण कसे उतरतात हें त्याला कळलेलें नव्हतें. मेंडेलचा निबंध १८६६ सालीं छापला गेला, परंतु त्याकडे जगाचें लक्ष १९०० मध्यें गेलें. वाङ्मयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा दोष ‘निवड’ या शब्दांतच आहे. निवड म्हटली कीं निवडणारा आला. दार बंद करून बाहेर घालविलेला घड्याळजी खिडकीवाटे परत आला. वॉलेसनें १८६६ सालीं पत्र लिहून हा धोका दाखविला आणि हर्बर्ट स्पेन्सरचा ‘योग्यतमांचें अवशेष राहणें’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग सुचविला; डार्विननें तो १८६९ च्या पांचव्या आवृत्तींत घेतलाहि. पण या नव्या शब्दानें अधिकच अनर्थ केला. ‘योग्य’ म्हणजे त्या क्षणीं त्या जागीं टिकणारा, एवढाच अर्थ असतां, बळी तो कान पिळी या न्यायाला शास्त्राचा शिक्का मिळाला असें धनिकांना आणि राज्यकर्त्यांना वाटूं लागलें.

दुसरी गोष्ट ग्रंथाच्या अखेरच्या वाक्याची. पहिल्या आवृत्तींत जीवसृष्टीच्या आरंभीं प्राण फुंकला गेला असें म्हटलें होतें. कोणीं फुंकला हें सांगितलें नव्हतें. जानेवारी १८६० च्या दुसऱ्या आवृत्तींत तेथें सृष्टिकर्त्याचें नांव आलें आणि तें पुढें कायम राहिलें. १८६३ सालीं डार्विननें हूकर यास लिहिलें कीं, लोकमतापुढें नमून असले शब्द वापरल्याचा आपणांस पश्चात्ताप होतो. आस्तिक या वाक्याचा दाखला देतात, नास्तिक त्या पत्राचा. मला तर एवढेंच दिसतें कीं, हें नांव युक्तिवादाच्या ओघांत आलेलें नसून बाहेरून चिकटविलेलें आहे. तें ठेवलें तरी सिद्धांताला बाध येत नाहीं आणि काढलें तरी येत नाहीं.

मग डार्विननें पाडलें तें काय? त्यानें पेलीचें प्रमाण पाडलें. सजीवांच्या रचनेवरून कर्त्याचें अनुमान करण्याचा जो राजमार्ग होता, तो त्यानें बंद केला. कारण तशी रचना कर्त्यावांचून कशी होते हें त्यानें दाखविलें. परंतु एक प्रमाण पडल्यानें प्रमेय पडत नाहीं, हें आपल्याकडील तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यालाहि ठाऊक असतें. आपल्याकडेहि नैयायिकांनीं घटावरून कुंभार, तसा जगावरून ईश्वर, असें अनुमान केलें आणि उदयनाचार्यांनीं ‘न्यायकुसुमांजलींत’ तें मोठ्या ताकदीनें लढविलें. त्याला विरोध केवळ बौद्धांनीं केला नाहीं. परमभक्त रामानुजाचार्य ‘श्रीभाष्यांत’ म्हणतात कीं, या अनुमानानें ईश्वर सिद्ध होत नाहीं; झालेच तर देहधारी आणि पुष्कळ कर्ते सिद्ध होतील. हाच आक्षेप ह्यूमच्या १७७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संवादग्रंथांत आढळतो. ह्यूमनें तो संशयापोटीं घेतला, रामानुजांनीं भक्तीपोटीं. ज्याची भक्ति अनुमानावर उभीच नव्हती, त्याचें अनुमान पाडल्यानें काय जाणार? स्वतः डार्विननें १८७९ सालच्या एका पत्रांत लिहिलें आहे कीं, मनुष्य उत्कट आस्तिक आणि उत्क्रांतिवादी एकाच वेळीं असूं शकतो. आणि दाखल्यासाठीं त्यानें किंग्स्ले हा धर्मोपदेशक आणि आसा ग्रे हा वनस्पतिशास्त्रज्ञ यांचीं नांवें दिलीं आहेत. स्वतःला मात्र तो अज्ञेयवादी म्हणवीत असे.

तथापि आस्तिकांनीं येथें सुटकेचा श्वास टाकूं नये. डार्विनची खरी अडचण डोळ्याच्या रचनेची नव्हतीच. ती २२ मे १८६० रोजीं आसा ग्रे यास लिहिलेल्या पत्रांत आहे. गांधीलमाशीच्या गणांतील एक माशी जिवंत सुरवंटाच्या अंगांत अंडीं घालते आणि तिच्या अळ्या त्याला आंतून खात वाढतात. दयाळु आणि सर्वशक्तिमान् ईश्वरानें ही माशी हेतुपुरस्सर निर्मिली, असें मानण्यास आपलें मन धजत नाहीं, असें तो कळवितो. आणि लागलीच जोडतो कीं, हा सारा विषय मनुष्याच्या बुद्धीबाहेरचा आहे. या पत्रापूर्वीं नऊ वर्षें, २३ एप्रिल १८५१ रोजीं, त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी त्याच्या डोळ्यांदेखत गेली होती. तिच्या मृत्यूनेंच त्याची श्रद्धा गेली असें मानणारे आहेत. तो स्वतः म्हणतो कीं, अश्रद्धा अतिशय हळूहळू आली. परंतु आपल्या लेंकराचें दुखणें पाहिलेला बाप माशीविषयीं लिहीत आहे, हें विसरून तें पत्र वाचतां येत नाहीं.

पेलीलाहि हा प्रश्न दिसला होता. पण त्यानें एकंदर हिशेब करून जग सुखमय ठरविलें आणि तो पुढें गेला. त्याच्या ग्रंथांतील सर्वांत दुबळा भाग मला हाच वाटतो. आपल्या ब्रह्मसूत्रकारांनीं ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, हे दोन आरोप येतात हें उघड मांडलें आणि कर्माच्या सिद्धांतानें त्यांचें उत्तर दिलें. तें उत्तर सुरवंटाला पुरतें काय, हें ज्यानें त्यानें ठरवावें. परंतु प्रश्न टाळला नाहीं, हें त्यांचें मोठेपण. हा प्रश्न फिंचच्या चोंची मोजून सुटणार नाहीं आणि पाठ्यपुस्तकांतील धडा गाळूनहि सुटणार नाहीं.

शेवटीं, पंच नेमला गेलों होतों त्याचा निवाडा. आजोबांना मीं सांगितलें कीं, माकडाचा माणूस झाला असें डार्विन म्हणतच नाहीं. दोघांचा पूर्वज एक, एवढेंच त्याचें म्हणणें, आणि त्याचे पुरावे त्याच्या काळापेक्षां आज कितीतरी अधिक आहेत. ते न वाचतां नाकारणें आपल्या विद्वत्तेला शोभत नाहीं. नातीला सांगितलें कीं, प्रार्थनेला बसावें कीं न बसावें हें तूं खुशाल ठरव, पण तें स्वतःच्या जबाबदारीवर ठरव. डार्विनला साक्षीला बोलावूं नकोस, तो तुझ्या बाजूनें साक्ष देणार नाहीं. आणि दोघांना मिळून ग्रंथाची पहिली आवृत्ति दिली. नातीनें वाचून मराठींत सांगावें, आजोबांनीं ऐकावें, असें ठरलें.

परवां पुन्हां त्यांच्या घरीं गेलों, तेव्हां वाचन पहिल्याच प्रकरणांत अडून बसलें होतें. आजोबांच्या लहानपणीं त्यांच्या वाड्यांत कबुतरें पाळलेलीं असत, आणि लक्क्याच्या शेपटींत पिसें किती असतात याविषयीं ते डार्विनशीं वाद घालीत होते. नात त्यांचें म्हणणें समासांत टिपून घेत होती.